बेस ऐकू येत नाही म्हणता? मग आधी जेमरसन ऐका

तुमचा प्रश्न असा की लेक सोळा वर्षांची आहे, सहा महिन्यांपूर्वी हट्टानं बेस गिटार घ्यायला लावली, क्लासमध्ये कॉर्डचा (म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडीचा) पहिला सूर धरून टुंग टुंग एवढंच वाजवून घेतात आणि पोरगी कंटाळलीय. तुमच्याकडे कॅसेटच्या जमान्यापासूनची जुनी इंग्लिश गाणी आहेत, पण त्यात बेस कुठं वाजतो तेच ऐकू येत नाही, तर त्या काळातल्या कुणाला ऐकवू?

मी सत्तावीस वर्षं बेस वाजवतोय. पुण्यात ऑर्केस्ट्रापासून सुरुवात, मग लग्नातले संगीत, मग मुंबईला स्टुडिओत जाऊन येऊन, आणि आता मुख्यतः शिकवणं. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी कानाचं. ऐकू येत नाही यात दोष तुमचा नाही, मोबाइलचा आहे. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की साधारण ४१ हर्ट्झचा सूर निघतो, आणि मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला तो खर्ज काढताच येत नाही, वरवरचं काहीतरी कानावर येतं आणि आपण म्हणतो बेस नाहीच. डग्गा घरी ठेवून नुसत्या तबल्यावर ठेका ऐकल्यासारखं आहे ते. त्यामुळे एक बरा हेडफोन घ्या, फार महागाचा नको, कान पूर्ण झाकणारा असला म्हणजे झालं, आणि तुमची तीच जुनी गाणी परत लावा. निम्म्या गाण्यांत तुम्हाला एक नवीनच माणूस भेटेल, खरं सांगतो.

आता कुणाला ऐकवू. हा प्रश्न कुणालाही विचारा, बीटल्सचा मॅकार्टनी, द हूचा एन्टविसल, लेड झेपलिनचा जॉन पॉल जोन्स, जॅझवाला जाको अशी नावं येतील. सगळे थोरच आहेत, वाद नाही. पण ही सगळी कव्हरवर छापलेली नावं. मी ज्याचं नाव सांगणार आहे त्याचं नाव त्याच्या ऐन बहराच्या काळात कव्हरवर छापलंच जात नव्हतं, आणि माझं असं ठाम मत आहे की पॉप गाण्यातला बेस आज आपण ज्याला म्हणतो तो त्यानं घडवला. जेम्स जेमरसन.

जन्म १९३६, अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या एडिस्टो बेटावरचा. १९५४ ला आईच्या मागे डेट्रॉइटला आला, मोटारींच्या कारखान्यांचं शहर. तिथं शाळेत असताना हातात आलं ते उभं, माणसाएवढं डबल बेस, आणि रात्री क्लबांत जॅझ. तेवढ्यात १९५९ साली बेरी गॉर्डी नावाच्या माणसानं घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन गाण्यांची कंपनी काढली, तीच पुढची मोटाउन. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर २६४८ नंबरचं साधं दुमजली घर आणि त्याच्यामागे स्टुडिओ. त्या खोलीत वायरींची इतकी वेटोळी की वादक तिला स्नेकपिट म्हणायचे, सापांचा खड्डा. टेम्पटेशन्स, सुप्रीम्स, फोर टॉप्स, स्टीव्ही वंडर, मार्व्हिन गे, साठच्या दशकातली ह्यांची बहुतेक गाजलेली गाणी त्या एका खोलीतली आहेत, आणि गायक कुणीही असो, मागे तीच वादकमंडळी. स्वतःला फंक ब्रदर्स म्हणवायचे. दिवसा इथं तीन-तीन मिनिटांची पॉप गाणी, रात्री क्लबात जाऊन मनासारखं जॅझ. सुरुवातीला एका गाण्याचे १० डॉलर मिळायचे असं त्यांच्यातलेच लोक सांगायचे, आणि कव्हरवर गायकाचा फोटो, कंपनीचं नाव, झालं.

आता प्रत्यक्ष ऐकायला घ्या. पहिलं टेम्पटेशन्सचं 'माय गर्ल', १९६४ च्या शेवटी आलेलं, तुमच्या कॅसेटींत नक्की असणार. सुरुवातीला बेस एकटा आहे, दुसरं कुणी नाही. एक ठोका, मधे श्वास, मग पटकन दोन. छाती धडधडते ना तसं. ह्यात शिकवण्यासारखं काय आहे, असं प्रत्येक विद्यार्थ्याला वाटतं, मलाही वाटलं होतं, दहा मिनिटांत बसवलं आणि मग रेकॉर्डिंगबरोबर वाजवून बघितलं तर माझं ते दार ठोठावल्यासारखं आणि त्याचं ते धडधडणं. फरक सगळा सुरांत नाही, सूर किती वेळ धरला आणि कुठं सोडला ह्यात आहे. मग चुटक्या येतात आणि गिटार चढत जाते. ती गिटार जरा पेटीवर काढून बघा, सा रे ग प ध सां, सरळ भूपाचा आरोह हो! कॉर्ड बदलली की तोच आरोह मध्यमावरून. रॉबर्ट व्हाइट नावाच्या माणसानं वाजवलाय तो तुकडा, जगात कुठंही वाजवा, पहिल्या पाच सुरांत गाणं ओळखतात. ह्या व्हाइटची एक गोष्ट पुढे सांगतो.

दुसरं ऐका फोर टॉप्सचं 'बर्नाडेट', १९६७. शेवटाकडे गाणं चक्क थांबतं, संपलं असं वाटतं आणि गायक एकटा त्या मुलीच्या नावाची हाक मारतो आणि सगळे परत कोसळतात. पण तुम्ही त्याच्या आधीचं सगळं फक्त बेससाठी ऐका. गायक ओरडून जीव काढतोय आणि खाली बेस त्याच्याशी भांडतोय, समजूत काढतोय, मधेच पळतोय. क्लासमध्ये सांगतात ते कॉर्डचा पहिला सूर धरणं इथंही आहे, नाही असं नाही, पण तो सूर जेमरसन समेच्या केसभर आधी गाठतो किंवा अर्धा अर्धा सूर चढत शेजारच्या गल्लीतून येऊन गाठतो. तबल्याला बसलेल्या माणसाला हे लगेच कळतं, आमच्या शेजारचे तबल्याचे मास्तर एकदा ऐकून म्हणाले, अरे हा तर अनागत घेऊन येतोय प्रत्येक वेळी. तिसरं स्टीव्ही वंडरचं 'फॉर वन्स इन माय लाइफ', १९६८. हे मला बसवायला चार महिने लागले, आणि चार महिने का, तर त्यात एकसारख्या दोन ओळी सापडत नाहीत, पाठ करायला काही धरायलाच मिळत नाही. आणि तरी गाणं कुठं हलत नाही. बेसवाल्यानं गाण्याच्या आड न येता एवढं बोलावं ही फार अवघड गोष्ट आहे, बाकी सगळे एकतर गप्प बसतात नाहीतर गाण्याच्या डोक्यावर बसतात. मी दुसऱ्या प्रकारातला होतो, ऑर्केस्ट्रातल्या गायिकेनं एकदा भर कार्यक्रमात मागे वळून नुसतं बघितलं होतं माझ्याकडे, तेव्हापासून सुधारलो.

आणि जेमरसनचं हे सगळं एका बोटानं. उजव्या हाताची तर्जनी, बस्स. डबल बेस वाजवायची सवय तीच त्यानं इलेक्ट्रिक बेसवर आणली. त्या बोटाला लोक हुक म्हणायचे, म्हणजे आकडा. आजकाल सगळीकडे दोन बोटं आलटून पालटून वाजवायला शिकवतात, मीही शिकवतो, वेग त्यानंच येतो. पण 'फॉर वन्स' बसवताना दोन बोटांनी सगळे सूर बरोबर येऊनही ते गाणं काही केल्या लागेना, शेवटी मधल्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळली आणि नुसत्या तर्जनीनं वाजवलं. पहिले आठ दिवस बोट सुजलं. मग कळलं, दोन बोटं म्हणजे दोन माणसं बोलतात, एक बोट म्हणजे एकच माणूस बोलतो. डावा हात एका जागेवरून दुसरीकडे नेताना जेमरसन मधे मोकळी तार वाजवून घेतो, तेवढ्यात हात पोचतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं केवढी गुंतागुंत केलीय, खरं तर ती हाताची सोय आहे. तुमच्या लेकीला हे दाखवा, मोकळ्या तारा वापरणं म्हणजे कच्चेपणा असं तिला क्लासात सांगितलं असेल तर ते डोक्यातून जाईल.

त्याचं वाद्य म्हणजे फेंडर कंपनीचं १९६२ चं प्रिसिजन बेस, त्याला फंक मशीन म्हणायचा. तारा फ्लॅटवाउंड, म्हणजे हाताला गुळगुळीत लागणाऱ्या, जाड, आणि तुटली नाही तोवर बदलायची नाही. तारेवरचा मळ असतो त्यातच फंक, म्हणजे वाजवण्यातला ठसका, असतो असं काहीसं त्याचं म्हणणं होतं. ब्रिजच्या (तारा खालच्या टोकाला जिथं टेकतात त्या पट्टीच्या) धातूच्या झाकणाखाली फोमची पट्टी, त्यामुळे सूर लांबत नाही, ठम्म होतो आणि विझतो. आणि ॲम्प्लिफायर नाही, वायर सरळ मिक्सरच्या टेबलात. म्हणजे खर्चाच्या दृष्टीनं तुमच्यासाठी ही आनंदाचीच बातमी आहे, घरी भांडी घासायच्या नव्या स्पंजचा एक तुकडा कापून ब्रिजजवळ तारांखाली सरकवा, हेडफोन लावा, टोनचं बटण पार खाली करा, साठ टक्के आवाज आला. उरलेले चाळीस टक्के विकत मिळत नाहीत.

मोटाउनच्या मोठ्या अल्बमवर वादकांची नावं पहिल्यांदा आली ती १९७१ च्या मे महिन्यात, मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर, आणि तिथं जेमरसनच्या नावाआधी 'अतुलनीय' असं विशेषण छापलंय. त्यातल्या त्याच नावाच्या गाण्याच्या रेकॉर्डिंगची गोष्ट अशी सांगतात की गेनं त्याला कुठल्याशा क्लबातून शोधून आणला, तो इतका प्यायलेला की स्टुलावर बसवेना, मग खाली जमिनीवर उताणा पडून त्यानं ती पूर्ण लाइन वाजवली. आणि घरी जाऊन बायकोला म्हणाला की आज काहीतरी अजरामर झालंय. उताणं पडून बेस वाजवून बघितलाय मी, गंमत म्हणून, मनगट कुठं ठेवायचं तेच कळत नाही. पण त्या अल्बमवरची सगळी गाणी त्याची नाहीत हेही सांगितलं पाहिजे, 'मर्सी मर्सी मी' आणि 'इनर सिटी ब्लूज' ही बॉब बॅबिट नावाच्या दुसऱ्या फार चांगल्या बेसवाल्यानं वाजवलीत. नावं छापली म्हणून निदान हे सांगता तरी येतं.

पुढचं वाईट आहे. १९७२ ला कंपनीनं मुक्काम लॉस एंजेलिसला हलवला, डेट्रॉइटच्या वादकांना म्हणे स्टुडिओच्या दारावरची चिठ्ठी वाचून कळलं की आता इथं काम नाही. जेमरसनही मागोमाग गेला, पण तोवर आवाजाची फॅशन बदललेली, सगळ्यांना चकचकीत नव्या तारा आणि अंगठ्यानं थापड मारून वाजवणं हवं, हा जुन्या तारा सोडेना आणि दारूही सोडेना. दारूचं मी झाकणार नाही, आमच्या धंद्यातले चांगले चांगले लोक मी तसे जाताना बघितलेत, त्यात कलावंताचं काही मोठेपण नसतं.

मोटाउनला पंचविसावं वर्ष लागलं म्हणून १९८३ च्या मार्चमध्ये पॅसाडिनाला मोठा सोहळा झाला. तुम्ही तो बघितलाय. हो, तुम्हीही, कारण मायकल जॅक्सननं मूनवॉक पहिल्यांदा जगाला दाखवला तो कार्यक्रम हाच. खाली सगळे तारे आणि वर बाल्कनीत स्वतः तिकीट काढून आलेला जेमरसन, असं सांगतात. त्याच वर्षी २ ऑगस्टला तो गेला. ४७ वर्षांचा होता. जायच्या थोडं आधी ते फंक मशीनही चोरीला गेलं. २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम ह्या अमेरिकेतल्या मानाच्या संस्थेनं साथीदारांसाठी वेगळा विभाग सुरू केला तेव्हा पहिल्याच तुकडीत त्याचं नाव घेतलं, तोवर सतरा वर्षं झाली होती त्याला जाऊन.

रॉबर्ट व्हाइटची गोष्ट राहिली. भूपवाला. लॉस एंजेलिसच्या एका रेस्टॉरंटमध्ये जेवायला बसला असताना 'माय गर्ल' लागलं. ऑर्डर घ्यायला वेटर आला, व्हाइट उत्साहानं त्याला सांगायला गेला की अरे हे ऐकतोयस ना, आणि तेवढ्यात थांबला आणि गपगुमान ऑर्डर दिली. नंतर बरोबरच्या माणसाला म्हणाला, सांगितलं असतं तर त्याला वाटलं असतं म्हातारा बरळतोय. मला ह्या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सगळ्यात जास्त लागते. आपल्याकडे मैफलीत गवई बसला की आधी तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तंबोऱ्यावर मागे बसलेली दोन पोरं कोण, सगळ्यांची नावं घेतली जातात. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रातसुद्धा निवेदक मधे थांबून एकेकाला उभं करतो, बेस गिटारवर अमुक अमुक, जोरदार टाळ्या. स्टुडिओत शिरलं की हे संपतं. मी एका सीडीवर अकरा गाणी वाजवली होती, हातात आली तेव्हा डिझाइनवाल्याचं नाव, छपाईवाल्याचं नाव आणि वादक म्हणून फक्त 'इतर'. कंपनीचं नाव घेत नाही, जाऊ दे. ती सीडी अजून आहे घरात, आईनं 'इतर'खाली पेननं रेघ मारून ठेवलीय.

हिंदी सिनेमाचंही तेच. अँथनी गोन्साल्विस, गोव्यातल्या माजोर्ड्याचे, मुंबईत व्हायोलिन शिकवायचे, त्यांच्याकडे शिकलेल्या प्यारेलालांनी १९७७ ला त्यांचं नाव एका गाण्यात घालायला लावलं. अख्ख्या देशानं ते नाव नाचत म्हटलं, हा खरा माणूस आहे हे कितीजणांना माहीत होतं? आरडींकडे बेस वाजवणारे टोनी वाझ, त्यांचंही नाव वाजवणाऱ्यांनाच ठाऊक. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये त्या टीमनं काय काय वाजवलंय त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

आता तुमच्या लेकीसाठी मुद्दाम एक नाव, कॅरल के. १९३५ चा जन्म, लॉस एंजेलिसच्या क्लबांत जॅझ गिटार वाजवणारी बाई. १९६३ साली कॅपिटल ह्या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बेसवाला आलाच नाही, म्हणून हिच्या हातात बेस दिला आणि मग तो सुटला नाही. तिचं सगळं जेमरसनच्या उलट, पिकनं, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या चकतीनं, वाजवायची आणि तारांवर फेल्टचा, जाड लोकरी कापडाचा, तुकडा, त्यामुळे टक् टक् असा स्वच्छ आवाज. बीच बॉइजची कितीतरी रेकॉर्डिंग्ज, आणि ग्लेन कॅम्पबेलच्या १९६८ च्या 'विचिटा लाइनमन'ची सुरुवातीची ती उतरत येणारी बेसची ओळ तिचीच. त्याच गाण्यात मधे जो भरदार गिटारचा सोलो आहे तोही तिच्याच सहा तारांच्या बेसवर कॅम्पबेलनं वाजवलाय. १९६९ ला तिनं बेस शिकायचं पुस्तक लिहिलं आणि पुढे किती पिढ्यांना शिकवलं. २०२५ मध्ये त्या हॉल ऑफ फेमनं बोलावलं तर नव्वदीच्या ह्या बाईंनी येत नाही म्हणून सांगितलं. मला आवडलं ते.

मात्र नेटवर शोधलंत तर एक वाद सापडेल, मोटाउनची काही गाणी जेमरसननं नाही, मीच वाजवली असं तिचं म्हणणं आहे, आणि डेट्रॉइटची मंडळी ते अजिबात मान्य करत नाहीत. माझा कान जेमरसनच्या बाजूनं जातो, पिकचं टोक लागल्याचा आवाज त्यात मला कुठं सापडत नाही. पण ह्यात कुणाला खोटं पाडायला मी जाणार नाही. तेव्हा पाकिटावर चार ओळी छापल्या असत्या तर दोन म्हातारी माणसं एकमेकांविरुद्ध उभी राहिली नसती.

तुमच्या कॅसेटींत बीटल्स असणारच, तर तेही ह्याच धाग्यानं ऐकवा. मॅकार्टनी जेमरसनला गुरुस्थानी मानतो, आणि बरीच वर्षं आपल्याला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं असं त्यानंच सांगितलंय. अमेरिकन रेकॉर्डवर बेस एवढा दणदणीत येतो मग आमचा का नाही, अशी बीटल्सची तक्रार होती, म्हणून १९६६ ला 'पेपरबॅक रायटर'च्या वेळी इंजिनिअरांनी लाउडस्पीकर उलटा जोडून त्याचाच माइक केला आणि बेससमोर ठेवला. आधीचं एखादं गाणं आणि मग हे, पाठोपाठ लावा, हेडफोनवर फरक लगेच कळेल.

कसं बसवायचं ते सांगतो. क्लास सोडू नका, पहिला सूर धरणं हे यायलाच हवं. पण घरी महिनाभर फक्त 'माय गर्ल', रोज वीस मिनिटं, तर्जनीनं. यूट्यूबवर वेग पाऊणपट करता येतो, तसं सुरू करा. सूर पाठ झाले की वाजवणं थांबवून नुसतं तोंडानं म्हणायला लावा, बोल म्हणतो तसं, कारण जे तोंडानं येत नाही ते हातातून येत नाही. मग फोर टॉप्सचं 'रीच आउट आय विल बी देअर', १९६६ चं, त्याला तीन महिने द्या. 'फॉर वन्स'च्या वाट्याला एवढ्यात जाऊ नका, ऐकू दे फक्त. आणि प्रत्येक गाण्याला वहीत एक पान, वर गाण्याचं नाव आणि त्याखाली बेस कुणी, ड्रम कुणी, गिटार कुणी हे तिनं स्वतः शोधून लिहायचं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे सक्तीनं करायला लावतो, कुरकुरतात, पण दोन वर्षांनी त्या वह्या बघण्यासारख्या होतात.

बोट दुखेल, फोड आला तर दोन दिवस थांबू दे. आणि दुकानात गेलात तर दुकानदार म्हणेल तारा जुन्या झाल्यात, बदलून घ्या. नको म्हणा.